मला सुपरव्हिजन हवी होती

२०२५ च्या एप्रिलमध्ये मी आमच्या मुख्याध्यापिकांना दोन ओळींची मेल पाठवली. ‘मला माझ्या कामासाठी सुपरव्हिजनची गरज आहे. काही सोय करता येईल का?’ दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या फळ्यावर वार्षिक परीक्षेचा तक्ता लागला, आणि त्यात माझ्या नावापुढे चार ब्लॉक, म्हणजे परीक्षेत लक्ष ठेवायचे वर्ग, होते. आठवी सी, सहावी ए, परत आठवी सी आणि शनिवारी रिलिव्हर. कॉरिडॉरमध्ये मॅडम भेटल्या. हसून म्हणाल्या, “दिली बरं का तुम्हाला सुपरव्हिजन. स्वतःहून मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच!”

मी थँक यू म्हणाले. खरंच म्हणाले. समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

चूक त्यांची नाही. शाळेत या शब्दाचे दोनच अर्थ आहेत. एक परीक्षेचा, आणि दुसरा वह्या-लॉगबुक तपासणाऱ्या सुपरवायझर सरांचा. आमच्या, म्हणजे समुपदेशनाच्या, क्षेत्रात त्याचा तिसरा अर्थ आहे. आपल्यापेक्षा अनुभवी समुपदेशकासमोर ठरावीक दिवसांनी बसायचं, हातातल्या केसेस मांडायच्या. मी काय केलं, माझं काय सुटलं, आणि या सगळ्याने माझं काय झालं, हे बोलायचं. शिकताना हे दर आठवड्याला होतं. नोकरी लागली त्या दिवसापासून बंद झालं. कुणी बंद केलं असंही नाही. लहानपणी पोलिओचे डोस संपतात, तसं संपलं.

मी पुण्याजवळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत २०१६ पासून समुपदेशक आहे. मुलं १,९०० आणि मी एक. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस २५० मुलांमागे एक अशी आहे, पण ते वाचून आपण करायचं काय? माझी खोली म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची खोली. जुडोच्या मॅट अजून मागच्या भिंतीला टेकलेल्या आहेत, पावसाळ्यात त्यांना वास येतो. दाराला कडी नव्हती. मूल बोलायला लागलं, रडायला आलं, की नेमका कुणीतरी शिपाई दार ढकलून विचारायचा, “मॅडम, फुटबॉलचा पंप इकडेच असतो ना?”

तरी मी मजेत होते. हे सांगायला हवं, कारण अशा लेखांमध्ये माणूस पहिल्या दिवसापासून दुःखी असतो. मी नव्हते. डबे चोरणारा पाचवीतला मुलगा, घटस्फोटाची तारीख पाठ असलेली तिसरीतली मुलगी, नववीतल्या प्रेमभंगांची वार्षिक लाट, यात मला रस होता, आणि मला ते जमतही होतं.

२०२५ च्या जानेवारीत, गॅदरिंग झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात, एका मुलीने मला घरातल्या एका माणसाबद्दल सांगितलं. इयत्ता, नातं, बाकी खुणा मी इथे सांगणार नाही, आणि सांगते आहे त्यातलंही काही बदललेलं आहे. ती सांगत होती तेव्हा बाहेर बँडची प्रॅक्टिस चालू होती. ड्रम थांबला की ती थांबायची, सुरू झाला की परत बोलायची. हे मला तेव्हा कळलं नाही, रात्री कळलं.

पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा आहे. त्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा कळला की विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. ‘कळवावं’ असं नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हे मी दरवर्षी शिक्षकांना जूनमध्ये स्लाइडवर दाखवते. त्या दिवशी ऑफिसात मात्र मला सांगण्यात आलं, “जरा थांबू या. आधी पालकांना बोलवू. शाळेचं नाव येईल.” ज्या घरातला प्रश्न, त्याच घराला आधी बोलवायचं! मी दुपारी दोनपर्यंत थांबले. मग १०९८ ला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन केला आणि केल्याचं ऑफिसात येऊन सांगितलं. पुढचं सगळं रीतसर झालं: पोलीस साध्या कपड्यांत आले, मुलीचा जबाब झाला, तिला सुरक्षित नातेवाइकांकडे ठेवलं. संस्थेतले एक पदाधिकारी आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, तेही रीतसरच म्हणायचं.

पण मला जे आजही आठवतं ते वेगळं आहे. १०९८ चा फोन ठेवून मी ऑफिसातून बाहेर पडले, तर क्लार्कने प्रॉक्सीची, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या तासाची, चिठ्ठी हातात दिली. पाचवी बी, सातवा तास, हिंदी. मी गेले. कोरे कागद वाटले आणि म्हटलं, काहीही काढा. पस्तीस मिनिटं मी खिडकीशी उभी होते. एका मुलाने डोंगर, सूर्य, नदी, झोपडी असं चित्र काढून आणलं आणि विचारलं, “मॅम, व्हेरी गुड देणार?” मी व्हेरी गुड दिलं. माझी सही इतकी वेडीवाकडी आली की तो कागद उलटा करून बघत बसला.

पुढचे दोन महिने मला काहीही झालं नाही. म्हणजे रडू नाही, झोप उडाली नाही, पॅनिक नाही. आम्हाला शिकवलेल्या लक्षणांपैकी मी काहीच करत नव्हते. फक्त मुलांची नावं आठवेनाशी झाली. माझ्या लेकीने एकदा जेवताना मैत्रिणीशी भांडण झाल्याचं सांगितलं, तर माझ्या तोंडून निघालं, “हं. आणि मग तुला कसं वाटलं?” ती ताटावरून उठून गेली. दारातून म्हणाली, “आई, तू मला काऊन्सेल करू नकोस.” आणि मार्चमध्ये एके सकाळी वर्गशिक्षिका म्हणाल्या, “तुमच्याकडे यायचा तो मुलगा आज आला नाही, ताप आहे.” आणि मला बरं वाटलं. तो आला नाही याचं बरं वाटलं. तेव्हा मी घाबरले.

मी स्वतःवर एक प्रश्नावली लावली. ‘प्रोफेशनल क्वालिटी ऑफ लाइफ’, आम्ही तिला प्रोक्वॉल म्हणतो. बेथ स्टॅम या मानसशास्त्रज्ञ बाईंची आहे, फुकट मिळते. तीस विधानं, गेल्या तीस दिवसांबद्दलची, प्रत्येकाला एक ते पाच गुण. शेवटी तीन वेगळे आकडे येतात: या कामातून समाधान किती मिळतं, कामाने किती करपलात, आणि दुसऱ्याच्या आघाताचे ओरखडे तुमच्यावर किती उठलेत. हे निदान नव्हे, आरसा आहे. माझं समाधान मध्यम आलं, करपणं मध्यम आलं आणि तिसरा आकडा वरच्या पट्टीत गेला. म्हणजे मी कामाला कंटाळले नव्हते. मी ऐकलेलं मला चिकटलं होतं. या दोन गोष्टींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि ‘जरा सुट्टी घे, महाबळेश्वरला जाऊन ये’ हा दुसऱ्या गोष्टीवरचा उपाय नाही. मी जाऊन आले होते. स्ट्रॉबेरी छान होती.

(याला इंग्रजीत ‘कम्पॅशन फटीग’ म्हणतात. त्याचं शब्दशः मराठी ‘अनुकंपा थकवा’ असं होतं. आमच्या ग्रुपमध्ये मी ते एकदा वापरलं, तर एकीने विचारलं, “म्हणजे अनुकंपा तत्त्वावर लागलेल्यांना येतो तो?” तेव्हापासून मी ओरखडे म्हणते.)

स्वतःची काळजी घ्या, हे आमच्याइतकं कुणी कुणाला सांगत नसेल. आदल्या सप्टेंबरात शिक्षकदिनी शाळेने स्टाफसाठी ‘वेलनेस डे’ ठेवला होता. झुंबा, नारळपाणी, प्रत्येकीला सुगंधी मेणबत्ती. त्यात ताणतणाव व्यवस्थापनाचं सत्र होतं, आणि ते मीच घेतलं. वर्षभर स्टाफचे ताण ऐकणारी मी, त्या दिवशी पीपीटी घेऊन उभी. सत्र संपल्यावर मला माझी मेणबत्ती मिळाली नाही, कमी पडल्या होत्या.

तर ती एप्रिलची मेल अशी आली होती. परीक्षेचे चार ब्लॉक मी केले. मग मे महिन्याच्या सुट्टीत स्वतःच्या खर्चाने सुपरव्हिजन शोधली. मला पूर्वी शिकवणाऱ्या एका मॅडमना फोन केला, त्यांनी सदाशिव पेठेतल्या एका ताईंचं नाव दिलं. साठीच्या पुढच्या, तीस वर्षं हेच काम केलेल्या. एका तासाचे पंधराशे. माझ्या पगारात ते जाणवतात, हे लिहून ठेवते, कारण हा विषय निघाला की पैशाचं कुणी बोलत नाही.

पहिल्या भेटीत मी केस मांडली, अगदी व्हायव्हाला मांडतात तशी. पार्श्वभूमी, तक्रार, हस्तक्षेप. मुलीचं नाव नाही, शाळेचं नाही. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आता हेच लिहून आण. तुला काय वाटलं ते मराठीत लिही, रिपोर्टच्या इंग्रजीत नको.” मी दोन पानं लिहून नेली. त्यांनी लाल पेन काढलं आणि माझ्यासमोर वाचत वाचत फक्त ‘च’ अधोरेखित करत गेल्या.

मला आधी *कळायलाच* हवं होतं. ड्रमचं मी *ओळखायलाच* हवं होतं. मी त्यांना त्याच क्षणी *ठणकावायलाच* हवं होतं. त्या दिवशी मी तिच्यासोबत *असायलाच* हवं होतं, पाचवी बीत नाही.

ताई विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवाल्या. मूळ पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची, महाराष्ट्रात ती रुजवली प्रा. कि. मो. फडके यांनी. माणूस स्वतःच्या इच्छेची हटवादी मागणी करतो आणि तिथे फसतो, असं तिचं सूत्र. इंग्रजीत त्याला ‘मस्ट’ असा अख्खा शब्द लागतो. मराठीत एका अक्षरात काम होतं. मी हे मुलांना शिकवते! ‘मला पहिला नंबर मिळायलाच हवा’ मधला ‘च’ काढून वाक्य पुन्हा म्हण, असा खेळ आहे माझ्याकडे, सहावीसाठी. स्वतःच्या दोन पानांत नऊ ‘च’ होते, ते मला दिसले नव्हते.

आठ अधोरेखित केले, एक सोडला. मी म्हटलं, “ताई, हा राहिला.” वाक्य होतं, ‘पोलिसांना कळवायलाच हवं होतं.’

“तो कायद्याचा च आहे,” त्या म्हणाल्या. “तो राहू दे. तो तू पाळलास.”

मी जानेवारीपासून पहिल्यांदा तिथे रडले. हे लिहायला मला अवघड जातंय, कारण आमच्या धंद्यात रडण्याला फार भाव आहे आणि मला तो वाढवायचा नाही. रडून झाल्यावर ताईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, “हे झालं तुझ्या डोक्यातलं. आता शाळेतलं बघू. कारण डोकं नीट करून तू परत त्याच कडी नसलेल्या खोलीत जाणार आहेस.”

या वाक्यामुळे मी त्यांच्याकडे टिकले.

त्यांनी जूनसाठी गृहपाठ दिला. तीन आठवडे प्रत्येक अर्ध्या तासाला काय केलं ते वहीत लिहायचं. मत नाही, फक्त नोंद. शाळा सुरू झाल्यापासून मी लिहिलं. तीन आठवड्यांत मी शाळेत १२६ तास होते. त्यातले मुलांबरोबर खोलीत बसलेले तास ३८. प्रॉक्सीचे तास एकवीस. बाकी वेळ कुठे गेला? प्रवेशाच्या मुलाखतींना बसणे, योग दिनाचे फोटो काढणे, वर्गात गोंधळ केलेल्या मुलांना ‘अर्धा तास तुमच्याकडे बसवा’, बस चुकलेल्या मुलांना सांभाळणे, नवीन शिक्षिकेच्या लॉगिनचा पासवर्ड. रात्री आठनंतर पालकांचे व्हॉट्सॲप, त्याला रकानाच नव्हता, तो मी मागच्या पानावर लिहिला.

वही बघताना मला स्वतःचाच राग आला, कारण यातलं निम्मं मी हौसेने ओढवून घेतलं होतं. आपल्याला ‘बसून गप्पा मारायचा पगार मिळतो’ असं कुणी म्हणू नये म्हणून मी दिसेल ते काम करत होते. स्टाफरूममध्ये हे कुणी माझ्या तोंडावर म्हणालेलंही नाही. एकदा पाठीमागे ऐकलं होतं, २०१७ मध्ये.

जुलैच्या शेवटी, २५ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचं प्रकरण होतं. त्यात न्यायालयाने देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. सगळ्या स्टाफला वर्षातून किमान दोनदा तज्ज्ञांकडून मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण हवं. एका लेकराच्या जाण्यावरून आलेल्या निकालाचा आपण आपल्या कामाच्या अर्जासाठी उपयोग करतोय, हे मला खटकत होतं. तरी केला. संस्थेच्या कार्यालयात तोपर्यंत त्याचं परिपत्रक फिरायला लागलं होतं आणि पहिल्यांदाच मला कुणीतरी फोन करून विचारलं, “मॅडम, आपल्याकडे हे सगळं आहे ना?”

“मी आहे,” मी म्हटलं. “बाकीचं बोलायला वेळ द्या.”

ऑगस्टमध्ये बैठक झाली. मुख्याध्यापिका, संस्थेचे दोन पदाधिकारी, मी आणि माझी वही. ताईंनी बजावलं होतं की ‘मला त्रास होतो’ इथून सुरुवात करू नकोस, ते ऐकून लोक मेणबत्ती देतात. वहीपासून कर. मी १२६ आणि ३८ हे आकडे कागदावर मोठे लिहून ठेवले. एक सर म्हणाले, “पण शिक्षकही प्रॉक्सी करतातच की.” बरोबर होतं. मी म्हटलं, “करतात. पण सर, हात कापून घेतलेल्या ज्या मुलाला मी अकरा वाजता बोलावलेलं असतं, तो माझ्या दाराशी येऊन परत जातो, कारण मी सातवी डीत असते.” ते जरा गप्प झाले. खरं तर हे वाक्य मी आधीच पाठ करून ठेवलं होतं.

काय मिळालं, काय नाही? दार मिळालं. कडी आणि वर काचेची झडप, म्हणजे बाहेरून दिसेल पण ऐकू येणार नाही. मुलाच्या आणि माझ्या दोघांच्या सुरक्षेसाठी तसंच हवं. सुताराने काच फार खाली बसवली, त्यामुळे पहिला आठवडाभर दुसरीतली मुलं नाक चिकटवून वाकुल्या दाखवत होती. मग खालच्या अर्ध्यावर संस्थेच्या बोधचिन्हाचा स्टिकर आला. प्रॉक्सी बंद झाली नाही, आठवड्याला दोन अशी ठरली, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ती तीन-चार होते, मला माहीत आहे. स्टाफचं प्रशिक्षण बाहेरचे तज्ज्ञ घेतात आणि मी समोर खुर्चीत बसते. सुपरव्हिजनला महिन्यातून दोन तास, कामाच्या वेळेत, मिळाले. फी शाळा निम्मी देते. “प्रायोगिक तत्त्वावर” असा शब्द मिनिट्समध्ये आहे.

मला सगळ्यात हवा होता तो एक परिच्छेद, आणि तो मी स्वतः लिहून नेला होता: मुलाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असल्याची घटना आली, तर समुपदेशक एकटी राहणार नाही, दुसरी एक नेमलेली व्यक्ती सोबत असेल, पोलिसांना कळवण्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही, आणि त्या दिवशी समुपदेशकाला दुसरा तास दिला जाणार नाही. शेवटच्या वाक्यावर सर्वांत कमी चर्चा झाली. मॅडमनी ते वाचलं आणि विचारलं, “त्या दिवशी तुम्हाला प्रॉक्सी लागली होती?” त्यांना खरंच माहीत नव्हतं. प्रॉक्सी क्लार्क लावतो. त्या थोडा वेळ कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हे घाला.”

शाळेबाहेरचंही एक सुरू झालं. दुसऱ्या शनिवारी आम्ही सहाजणी चिंचवडला एकीच्या क्लिनिकच्या मागच्या खोलीत भेटतो. सगळ्या शाळांतल्या समुपदेशक. मुलाचं नाव नाही, शाळेचं नाही, सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही, हे नियम. तिथे कळलं की माझी परिस्थिती सुखवस्तू आहे. दोघींची नेमणूक अकरा महिन्यांची, मेचा पगार नाही, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. एकीची खोली म्हणजे जिन्याखालची जागा आणि पडदा. अशा मैत्रिणीला मी ‘मर्यादा आखायला शीक’ म्हणू शकत नाही. ती मर्यादा आखेल आणि जूनमध्ये तिच्या जागी दुसरी येईल. तिचं ऐकतो, आणि मग सगळ्या मिसळ खायला जातो. मिसळीवर कामाचं बोलायचं नाही असा नियम केला होता, तो एकदाही पाळला गेलेला नाही.

फोनचं मात्र मला अजून साधलेलं नाही. संध्याकाळी सहानंतर आपोआप उत्तर जातं: उद्या आठ वाजता बघेन, तातडीचं असेल तर मुलांसाठी १०९८, आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६, दोन्ही चोवीस तास चालू. सप्टेंबरात एका सकाळी बघितलं तर रात्री ११.४० चा एका आईचा मेसेज होता. ‘मॅडम तो दार उघडत नाहीये.’ त्याखाली माझं आपोआप गेलेलं उत्तर. त्याखाली १२.१५ ला, ‘१४४१६ ला बोलले. उघडलं त्याने. झोपलाय.’

मी तो मेसेज ताईंकडे नेला. म्हटलं, मी फोन बघायला हवा होता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, “च नाही लावला.”

“लावला नाहीस, गिळलास,” ताई म्हणाल्या.

ऑक्टोबरात सत्र परीक्षेचा तक्ता लागला. क्लार्कने महिन्याच्या कॅलेंडरमधून उतरवून काढताना माझ्या नावापुढे लिहिलं होतं: ‘शुक्रवार, दु. २ ते ४, सुपरव्हिजन (बाहेर).’ सायन्सचे सर तक्ता बघत उभे होते.

“तुम्हाला बाहेरचं सेंटर आलं? कुठलं?”

“सदाशिव पेठ.”

“बापरे. पार्किंग मिळणार नाही. ब्लॉक किती आहेत?”

“एकच,” मी म्हटलं.